तेल कुठलं लावू ते सांगा आधी!

ह्या महिन्याच्या पत्रांमधे निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, पोटावरच्या, मांडीवरच्या, पाठीवरच्या रेषा म्हणजे स्ट्रेच मार्क्स, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकीत 'तेल' हा शब्द आहेच. म्हणून केसगळती आणि पिंपल्सवाल्यांनी जरा दम धरा, तुमची पत्रं पुढच्या अंकात घेते. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव.

कोरेगाव: ताई नमस्कार, माझी पहिलीच वेळ आहे, सातवा लागलाय. बेंबीच्या खाली जांभळट रेषा दिसायला लागल्यात. सासूबाई म्हणतात घाण्याचं खोबरेल लाव, जाऊबाई म्हणतात बदामाचं, आणि माझ्या बहिणीनं पुण्याहून एक महागडी बाटली पाठवलीय, त्यावर लिहिलंय की रेषा येतच नाहीत. मी तिन्ही आलटून पालटून लावते, तरी रेषा वाढतच चालल्यात. वर खाजवलं की सगळ्या ओरडतात, खाजवू नको चिरा पडतील. नक्की कुठलं लावू?

अगं, कुणाचं मन मोडायला नको म्हणून तीन तेलं एकाच पोटावर! आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, ह्या रेषा तुझ्या कुठल्या चुकीनं आलेल्या नाहीत, आणि खाजवल्यानं तर मुळीच नाही. पोट वाढतंय तशी कातडी ताणली जाते, कोरडी पडते म्हणून खाज येते, आणि रेषाही त्याच दिवसांत येतात, दोन्ही बरोबर दिसतात म्हणून आपल्या आज्ज्यांनी एकीचा दोष दुसरीला लावला. नखानं ओरखडे काढू नकोस एवढं खरं, कारण ओरखडा चिघळला तर त्याचा डाग वेगळा राहतो. पण तळहातानं चोळलंस, ओला नॅपकिन ठेवलास तर काही बिघडत नाही.

आता रेष म्हणजे काय ते बघ. कातडीचा वरचा थर पातळ असतो, त्याच्या खाली जाड थर असतो, त्यात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे धागे असतात, त्यांच्यामुळे कातडी ताणली तरी परत जागेवर येते. गरोदरपणात एक तर ताण येतो आणि दुसरं म्हणजे हार्मोन्स बदलतात, त्यानं हे धागे कमकुवत होतात आणि खालच्या खाली तुटतात. वरून आपल्याला दिसते ती त्याची खूण. सुरुवातीला लालसर, जांभळट, आपल्यासारख्या सावळ्या रंगावर कधी कधी काळपट, आणि मग सहा महिने वर्षभरात पांढरट चंदेरी होते. आता तूच सांग, ब्लाउजचं अस्तर उसवलं तर वरून इस्त्री फिरवून ते शिवलं जाईल का? तेलाचं तसंच आहे. ते बरंचसं वरच्याच थरात राहतं, तुटलेल्या धाग्यांपर्यंत जाऊन ते जोडत नाही.

हे माझं मत नाही बरं का, तपासून बघितलेलं आहे. २०१२ साली कॉक्रेन नावाच्या संस्थेनं तोपर्यंतचे सहा अभ्यास, मिळून ८०० बायका, एकत्र करून बघितले. क्रीम-तेल लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या, दोघींच्यात रेषा येण्यात ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. कोको बटरवर लेबनॉन आणि जमैकात अभ्यास झाले, ऑलिव्ह तेलावर इराणमधे झाले, तिथंही तेच. एक अभ्यास मात्र मला आवडतो, तुर्कस्तानातला, तोही २०१२ चाच. पहिलटकरणींचे तीन गट केले, एकीला बदाम तेल लावून १५ मिनिटं मालीश, दुसरीला बदाम तेल नुसतंच फासायचं, तिसरीला काहीच नाही. मालीशवाल्या गटात शंभरातल्या साधारण २० जणींना रेषा आल्या, नुसतं तेल लावणाऱ्यांत ३९ आणि काहीच न लावणाऱ्यांत ४१. म्हणजे नुसतं तेल लावलं काय आणि नाही लावलं काय, सारखंच! फरक पडला असेल तर तो हाताचा. अभ्यास छोटा होता, १४१ बायकांचा, त्यामुळे त्यावरून कुणाला गॅरंटी देता येणार नाही, पण बाटलीच्या किमतीपेक्षा १५ मिनिटांची फुरसत महत्त्वाची हे मला पटतं.

त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर, सासूबाईंचं खोबरेल लाव. ते श्रेष्ठ आहे म्हणून नाही, घरात आहे, स्वस्त आहे, बहुतेकींना सोसतं आणि कोरडेपणा, खाज ह्याला खरंच उतार पडतो म्हणून. जाऊबाईंचं बदाम तेल असेल तर बाटली उलटी करून घटक वाच, केसांची म्हणून मिळणारी बरीच 'बदाम तेलं' म्हणजे मुख्यतः लिक्विड पॅराफिन आणि त्यात चमचाभर बदाम. पॅराफिन वाईट नाही, ओलावा तेही धरतं, पण मग बदामाचे पैसे कशाला द्यायचे. आणि घ्यायचंच तर गोड बदामाचं घे, कडू बदामाचं कच्चं तेल विषारी असू शकतं, त्याच्या वाटेला जाऊ नको. बहिणीची बाटली आता आलीच आहे तर वापरून टाक, फक्त त्यात रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) लिहिलेलं नाही ना ते बघ, ते गरोदरपणात नको.

लावायची पद्धत सांगते कारण सगळा घोळ तिथंच होतो. आंघोळीनंतर अंग टिपून घ्यायचं, खडखडीत कोरडं नाही करायचं, थोडी ओल असतानाच एक चमचा तेल दोन्ही तळव्यांवर चोळून कोमट करायचं आणि बेंबीभोवती गोल, मग ओटीपोटाकडून वर, मग कमरेच्या दोन्ही बाजूंना, मग मांड्या. हात जड पडता कामा नये, पोट दाबायचं नाही, बाळाला 'सरळ करून देते' म्हणणाऱ्या बाईला तर पोटाला हातच लावू द्यायचा नाही. तेल मुरेपर्यंत जुनी सुती साडी किंवा गाऊन. आणि हे सगळं पलंगावर बसून, मोरीत नाही! तेलाच्या पायानं बाथरूमच्या फरशीवर घसरलेल्या सातव्या आठव्या महिन्याच्या बायका बघितल्यात मी, रेषा परवडल्या. थंडीत तिकडं खोबरेल थिजतं, ते २४ डिग्रीच्या खाली घट्ट होतंच, खराब झालं म्हणून टाकू नका, वाटी गरम पाण्यात ठेवायची.

वाई: मॅडम, मी तीन मुलांची आई आणि आता आजी होणारे. आमच्या वेळी कुठली क्रीमं आणि कुठलं काय, आमच्या आत्यासासूबाई करडईचं तेल जिरवायच्या, माझ्या पोटावर आजतागायत एक रेघ नाही. सून नोकरीवाली, तेल लावायचा कंटाळा, सहाव्यातच पोटभर चिरा. तुम्ही डॉक्टर लोक तेलाला नावं ठेवता पण अनुभव कुठं जातो?

काकू, नावं नाही ठेवत हो, वर वाचलंत ना. तुमचं पोट स्वच्छ राहिलं ह्याचा मला आनंदच आहे, पण एक काम करा, पुढच्या वेळी विहीणबाई भेटल्या की त्यांना बाजूला घेऊन विचारा, त्यांना आल्या होत्या का रेषा. बहुतेक हो म्हणतील. कारण ह्या गोष्टी बऱ्याचशा माहेराकडून येतात, आईला असतील तर लेकीला येण्याची शक्यता जास्त. तुमच्या सुनेनं तुमच्या आत्यासासूबाईंच्या हातचं करडईचं तेल लावलं असतं तरी कातडी तिची तिच्या माहेराकडूनच आलेली आहे. त्याशिवाय वय लहान असेल, वजन आधीच जास्त असेल किंवा गरोदरपणात भराभर वाढलं असेल, बाळ मोठं असेल, तर जास्त येतात. दहातल्या पाच ते नऊ बायकांना कमी-अधिक येतातच, तुम्ही त्या उरलेल्यांमधल्या. नशीब म्हणा.

कंटाळ्याचा शिक्का तेवढा काढा बिचारीवरचा. ऑफिसमधून आल्यावर तिच्या पायाला आणि कमरेला तुम्हीच तेल लावून द्या, रेषांचं काय व्हायचं ते होऊ दे, तिला झोप लागेल. आणि एक हात जोडून सांगणं, नवव्या महिन्यात 'सुटका लवकर होते' म्हणून एरंडेल प्यायला देऊ नका. अंगाला लावायला चालेल, पोटात नको. एरंडेलानं जुलाब होतात, कळाही सुरू होऊ शकतात, आणि त्या कधी, किती येतील ह्यावर आपला ताबा नसतो.

मिरज: आठवा संपत आलाय. पोटावर रेषा आहेतच पण खाज पोटापेक्षा तळहात-तळपायांना जास्त, रात्री तर झोपच लागत नाही. अंगावर पुरळ काहीच नाही. तिळाचं तेल, खोबरेल, कोरफड सगळं झालं. अजून कुठलं तेल आहे का?

ह्या बाईंना मी अंकाची वाट न बघता त्याच दिवशी कळवलं, पण इथं छापते कारण असं पत्र न लिहिणाऱ्याही असतील. हा तेलाचा प्रश्नच नाही! शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना खाज, रात्री वाढणारी, पुरळ नाही, हे चित्र दिसलं की लिव्हरकडे बघायचं. गरोदरपणात काही जणींचं पित्त लिव्हरमधून नीट पुढं सरकत नाही, पित्तातले आम्ल रक्तात साठतात, त्यानं ही खाज येते. आईला त्रास खाजेचाच असतो पण आम्लाचं प्रमाण फार वाढलं तर पोटातल्या बाळाला धोका असतो. रक्ताची तपासणी असते, बाईल ॲसिड आणि लिव्हर फंक्शन, तुमच्या प्रसूतीच्या डॉक्टरांना 'तळव्यांना खाज' हे शब्द वापरूनच सांगा, नुसतं 'खाज येते' म्हटलं तर तेल लावा म्हणून परत पाठवायची शक्यता असते. लघवी गडद, डोळे पिवळे वाटले तर तासभरही थांबायचं नाही. आणि मिरजेत राहून दवाखान्याला उशीर करायचा म्हणजे कमालच, तिथं लोक कर्नाटकातून येतात उपचाराला.

दुसरा एक प्रकार असतो तो वेगळा, पोटावरच्या रेषांमधेच लाल, पित्ताच्या गांधींसारखे खाजरे पुरळ उठतात, बेंबीच्या आसपासचा भाग बहुधा सुटतो, मग मांड्यांवर उतरतात. दिसायला भयंकर पण बाळाला त्यानं काही होत नाही, बाळंतपणानंतर जातात. दाखवायचं मात्र दोन्हीत.

कराड: मुलगा नववीत, वसतिगृहात असतो. दिवाळीला घरी आला तर पाठीवर कमरेच्या वर आडव्या लाल रेषा, एकाखाली एक, चार-पाच. कुणी छडीनं मारलंय की काय म्हणून मी हादरले, तो म्हणतो कुणी हात पण लावला नाही, मला माहितच नव्हतं. वडील म्हणतात खोटं बोलतोय. रात्री झोपेत हळद-तेल लावते त्याला.

एक विचारते, तो वर्षात किती उंच झाला? पँट्स आखूड झाल्या असतील. ह्या वयात मुलगे भराभर उंच होतात आणि पाठीच्या खालच्या भागात अशाच आडव्या रेषा येतात, एकाखाली एक. हे इतकं माराच्या वळासारखं दिसतं की डॉक्टरांचीही फसगत झालेली आहे. वळ आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवट पिवळा होऊन जातो, ह्या रेषा महिनोन् महिने राहतात आणि हळूहळू पांढऱ्या होतात. हात फिरवून बघा, मऊ, किंचित दबलेली लागेल कातडी. त्याला खोटारडा ठरवायच्या आधी वडिलांना हे वाचून दाखवा. तरी एकदा एकट्याला, शांतपणे विचारा की वसतिगृहात सगळं ठीक आहे ना, ते रेषा नसत्या तरी विचारायलाच हवं.

मुलींना ह्याच वयात मांड्या, कंबर, छातीवर येतात, त्या आईला सांगत नाहीत, पोहायला जायचं टाळतात. बऱ्याच फिकट होतात. हळद-तेलानं काही होत नाही, फक्त चादरी पिवळ्या होतात. सांगलीची हळद २०१८ पासून जीआय मानांकनवाली, हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, साठवलेली हळद एकेकाळी सगळ्या देशाला माहीत, त्यामुळे इथं कुठल्याही दुखण्यावर आधी हळदच आठवते आपल्याला. भाजीत घाला.

विटा: मॅडम मी तालमीत जातो, वय १९. दोन्ही खांद्याला काखेकडं जांभळ्या पट्ट्या आल्यात. वस्ताद म्हणतात अंग भरतंय, राईच्या तेलानं रगड. सहा महिन्यात लई अंग आलंय.

सहा महिन्यात 'लई अंग' कशानं आलं ते लिहिलं नाहीस भावा. निव्वळ जोर-बैठका, दूध-बदाम आणि मेहनतीनंही खांद्याला रेषा येतात, दंड आणि खांदे भराभर वाढले की कातडीला वेळ मिळत नाही, त्यात काळजीचं काही नाही. पण कुणी इंजेक्शन देत असेल, गोळ्या देत असेल, बिनलेबलच्या डब्यातली पावडर देत असेल तर रेषा ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट आहे. त्यात स्टेरॉइड असेल तर बीपी, लिव्हर, हृदय, आणि पुढं मूल होण्याचा प्रश्न, एवढं सगळं येतं मागून. तू मला परत लिही, खरं लिही, नाव छापणार नाही. राईचं तेल तिखट असतं, कित्येकांना पुरळ येतं, रगडायचंच तर तिळाचं किंवा शेंगदाण्याचं घे. वस्तादांना राग येणार असेल तर माझं नाव सांग.

वाळवा तालुका: शेतकरी आहे. जांघेत नायटा होता, मेडिकलमधून ट्यूब आणली, लावली की दोन दिवसात गार वाटायचं, बंद केली की परत. असं वर्ष गेलं. आता जांघेत बोटाएवढ्या रुंद चिरा पडल्यात. करंजाचं तेल लावावं का?

नका लावू, तेल अजिबात नका लावू तिथं. नायटा ही बुरशी आहे, तिला ओल आणि घाम आवडतो, उसात दिवसभर घामानं भिजायचं आणि वर तेलाचा थर म्हणजे तिला मेजवानी. तुमच्या चिरा पडल्या त्या ट्यूबनं. असल्या ट्यूबमधे बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असतं, क्लोबेटासोल, बेटामेथासोन अशी नावं असतात बारीक अक्षरात. त्यानं खाज दोन दिवसांत दबते, बुरशी मात्र मरत नाही, उलट पसरते, आणि कातडीचे धागे झिजत जातात. जांघेत, काखेत कातडी मुळात पातळ, घडीत औषध जास्त मुरतं, म्हणून तिथं चिरा सगळ्यात आधी. २०१८ साली सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, पण काउंटरवर 'नायट्याची ट्यूब द्या' म्हटलं की अजून मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ट्यूब न्यायला विसरू नका. नायटा बरा होतो पण वेळ लागतो, घरात अजून कुणाला असेल तर त्यालाही बरोबरच उपचार, टॉवेल वेगळा. चिरा फिकट होतील, पूर्ण जाणार नाहीत, खोटं कशाला सांगू.

आणि ट्यूब नाही, गरोदरपण नाही, व्यायाम नाही, तरी पोटावर रुंद गडद जांभळ्या रेषा, चेहरा गोल सुजलेला, हातपाय बारीक, बीपी-शुगर वाढलेली, असं असेल तर ते शरीरातलं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढल्याचं लक्षण असू शकतं, फिजिशियनकडे जा. दमा, सांधेदुखीसाठी बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हे होतं, अशांनी गोळ्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, तेही धोक्याचं.

सांगली: बाळ पाच महिन्यांचं आहे, सीझर झालं. एका पार्लरवालीनं सांगितलं हर्बल तेलाचं दहा सिटिंगचं पॅकेज घ्या, रेषा शंभर टक्के जातील. दुसरीकडं लेसर सांगतायत. मालीशवाली बाई पण पोटाला तेल चोळायचं म्हणतेय. काय करू?

शंभर टक्के म्हणणाऱ्यांच्या दारातून माघारी फिर, पार्लर असो नाहीतर कुणी डिग्रीवाला असो. रेषा पूर्ण पुसणारा उपाय आजच्या घडीला कुणाकडेच नाही. रेषा लालसर असतात तेव्हा उपाय थोडे लागू पडतात, पांढऱ्या झाल्यावर कमी. ट्रेटिनॉइन नावाचं क्रीम ताज्या रेषा फिकट करतं पण तू अंगावर पाजत असशील तर आता नाही. लेसरनं, मायक्रोनीडलिंगनं (कातडीत बारीक सुया टोचून) रेषा बारीक, सपाट दिसायला मदत होते, पण आपल्या रंगाच्या कातडीवर लेसरनंतर काळे डाग पडायची शक्यता असते, म्हणून करायचंच तर त्वचारोगतज्ज्ञाकडे, आधी एका छोट्या भागावर करून बघायला सांग, किती सिटिंग, एकूण किती पैसे, डाग पडले तर काय, हे लिहून घे. आणि घाई नको, पहिल्या वर्षात रेषा आपोआप बऱ्याच फिक्या होतात, ते श्रेय पॅकेजवाली फुकट घेऊन जाते.

मालीशवाल्या बाईंना हात-पाय-पाठ खुशाल करू दे, पोटाला मात्र टाके तपासून डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच, आणि तेव्हाही टाक्यांवर जोर नको.

राहिलेले छोटे प्रश्न. लिंबाचा रस रेषांवर लावू नका, लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डाग पडतात. ब्राह्मीचं विचारलंय तिघींनी, कारिवणा, ज्याला बऱ्याच ठिकाणी ब्राह्मीच म्हणतात, त्याचा अर्क असलेल्या एका क्रीमचा परदेशात थोडा फायदा दिसला होता पण त्यात बाकीही बरंच काही होतं, बाजारातलं ब्राह्मी तेल डोक्याला लावायचं आहे, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. लव्हेंडर, रोजमेरी असली इसेन्शियल तेलं निव्वळ अंगाला फासायची नाहीत, गरोदरपणात तर विचारल्याशिवाय नाहीच. नवीन कुठलंही तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. आणि फलटणच्या ज्या बाईंनी विचारलंय की नवऱ्याला रेषा आवडत नाहीत, तर तेल कुठलं लावू, त्यांनी ते तेल नवऱ्याच्या हातात द्यावं आणि रोज पंधरा मिनिटं मालीश करायला लावावी.